एकोणीस दिवस मी दोन ठिकाणी होते

एकोणीस दिवस मी तळेगावच्या रुग्णालयात खाटेवर पडून होते. त्याच एकोणीस दिवसांत मी लोणावळ्याला, तुंगार्लीच्या एका हॉटेलात, रोज चौदा खोल्यांच्या चादरी बदलत होते. दोन्हीचे कागद आहेत आणि दोन्हींवर माझं नाव आहे, सुमन. एकावर डॉक्टरांचा शिक्का, दुसऱ्यावर हॉटेलला बायका पुरवणाऱ्या ठेकेदाराचा.

मी चौथी शिकलेली. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. आमच्या आरोग्य केंद्रात गोळ्या देणारी ताई म्हणाली, "बोलता येत नाही तर लिहून काढा. छातीतलं पाणी काढलं, तसं हेही निघेल." म्हणून लेकीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली. ही वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवते. पुढे कुणा बाईला हे दुखणं झालं आणि तीही असल्या ठेकेदाराकडे कामाला असली, तर ताईने तिला यातलं वाचून दाखवावं. माझं नाव सांगितलं तरी चालेल. नाव लपवायचं माझं आता संपलं आहे.

ताप

दुपारचं जेवण झालं की अंगात कणकण यायची. संध्याकाळी वडापच्या जीपमध्ये बसले की घाम सुटायचा. कोरडा खोकला होता. श्वास आत घेतला की उजव्या बरगडीखाली काहीतरी टोचायचं. पावसाळ्याचे दिवस, ओल्या चादरींत हात, मला वाटलं गारठ्याने आहे. महिनाभर मी तशीच गेले.

न जाण्याची सोय नव्हती. पाऊस म्हणजे लोणावळ्याचा सीझन. सीझनमध्ये एक खाडा केला की त्या दिवसाचा रोज जायचा आणि आठवड्याची सुट्टीही कापली जायची. आजारपणाची रजा कागदावर होती. कुणाला मिळालेली मी पाहिली नाही. मागायला गेलं की ठेकेदाराचे सर विचारायचे, "मेलीस का? नाही ना? मग ये." हसून म्हणायचे, म्हणून आम्हीही हसायचो.

एके दिवशी चादरींचं गाठोडं घेऊन जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मी कठडा धरला आणि खाली बसले. माझे मालक, लेकीचे वडील, येऊन मला घेऊन गेले. तळेगावला छातीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो उजेडात धरला. उजवी बाजू पांढरी दिसत होती, काचेवर वाफ धरावी तशी.

"पाणी भरलंय. टीबी आहे. बरा होतो, पण आज दाखल व्हावं लागेल."

टीबी म्हटल्यावर मालक बाकावर माझ्यापासून जरासे सरकून बसले. त्यांना कळलंही नसेल. मला कळलं.

खरं सांगते, पहिला विचार मरणाचा आला नाही. खाड्यांचा आला.

नावावर जाणं

आमच्या बायकांत एक रीत होती. एखादी आजारी पडली, बाळंत झाली, माहेरी मयतीला गेली, की तिच्या घरातली दुसरी बाई तिच्या नावावर जायची. जाऊ, नणंद, लेक, कुणीही. तोच निळा कुर्ता घालायचा. कुर्त्याच्या छातीवर नाव शिवलेलं असायचं, ते आपलं समजायचं. हॉटेलच्या ऑफिसातली माणसं मशीनवर अंगठा लावायची, पण आम्हा ठेक्यावरच्या बायकांना रजिस्टर होतं. हाक आली की "ओ" म्हणायचं, की झाली हजेरी. जिचं नाव तिची नोकरी टिकायची, जी जायची तिला रोज मिळायचा. खोल्या साफ होत होत्या, त्यामुळे कुणी विचारत नव्हतं. आम्हाला ही लबाडी वाटत नव्हती. दुसरीच्या शेतावर सावडीने जावं, आज मी तुझ्या, उद्या तू माझ्या, तसंच वाटायचं.

माझ्या नावावर माझी धाकटी जाऊ मंगल गेली. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, बोलायला माझ्या दसपट. पहिल्या दिवशी माझा कुर्ता घालून ती रुग्णालयाच्या दारातून मला दाखवायला आली.

"आक्का, बगा, मी सुमन! आता भावजींना सांगा, सैपाक मंगल करनार न्हाई."

मालकसुद्धा हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

पाणी

पाठीत सुई घालून त्यांनी पाणी काढलं. पिवळं, चहाच्या गाळलेल्या पाण्यासारखं. बाटलीत भरताना मी बघितलं. एवढं सगळं माझ्या आत होतं आणि मी त्याच्यासकट जिने चढत होते.

वॉर्डात सकाळी सहाला झाडू, साडेसहाला गोळ्या, आठला चहा. गोळ्यांनी लघवी लाल होते. पहिल्या दिवशी मी घाबरून आयाबाईला हाक मारली. ती म्हणाली, "समद्यांची होती गं. रंगपंचमी समज." ती मी न सांगता गरम पाण्याची बाटली आणून द्यायची. तिचं नाव विचारायचं राहिलं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, दिवसभर भिंतीकडे तोंड करून असायची. एका सकाळी खाट रिकामी होती आणि चादर बदललेली होती. चादर कोपऱ्यात नीट दुमडली नव्हती. आम्ही तसं सोडलं असतं तर परत करायला लावली असती. असले विचार यायचे.

लेकीला आत सोडत नव्हते. ती खिडकीखाली उभी राहून हात करायची.

आठव्या दिवशी दुपारी ताप होता. डोळे उघडले तर वॉर्डाच्या दारातून मी येताना दिसले. निळा कुर्ता, छातीवर सुमन, डोक्याला बांधलेला रुमाल, हातात पिशवी. ती मी माझ्याकडे चालत आली आणि खाटेच्या कडेला बसली. मला वाटलं, झालं. आता ही उठून जाईल आणि मी इथेच राहीन. मला किंचाळता येईना.

"आक्का, अवं मी हाय. ड्युटीवरनं डायरेक आले."

मंगल होती. तिने माझ्या कपाळाला हात लावला. तिच्या हाताला हॉटेलच्या साबणाचा वास येत होता, माझ्या हाताला यायचा तो.

तो निळा कुर्ता मला अजून दिसतो. जागेपणीही दिसतो.

फोन

अकराव्या दिवशी जेवणाच्या वेळेला फोन वाजला. डाव्या हाताला सलाईन होतं. उजव्या हाताने उचलला. ठेकेदाराचे सर.

"सुमन, जिन्यावरून पडलीस म्हणे? निघून कशाला गेलीस? विम्याच्या दवाखान्यात नेत होते ना तुला."

मला आधी कळेना. मी तर खाटेवर होते. मग कळलं.

आता लिहिताना वाटतं, तेव्हाच सांगायचं होतं. सर, ती मी नव्हे. मी तळेगावला आहे. पण तसं म्हटलं असतं तर आमची दोघींची चोरी उघडी पडली असती. आणि सरांच्या आवाजापुढे माझी जीभ कधी वळली होती?

मी म्हटलं, "जी सर."

"लागलंय का कुठं? बघ हां, लागलं असेल तर अपघाताचा कागद करावा लागतो."

"न्हाई सर. काय लागलं न्हाई."

"मग उद्या येशील?"

"येईन."

फोन ठेवला. सलाईनचा थेंब पडत होता. मी मंगलच्या नवऱ्याला फोन लावला. मंगलच बोलली.

"काय न्हाई आक्का, जरा मनगाट मुरगाळलंय."

"दवाखान्यात का न्हाई गेलीस? न्हेत होते की तुला."

"कुटल्या तोंडानं जाऊ? इम्याचं कार्ड सुमनचं. आन् सुमन तर तितं आदीच झोपलीया." ती हसली. मग म्हणाली, "लय दुखतंय वो."

ती सोमाटण्याच्या फाट्याजवळ हाड बसवणाऱ्या एका आबांकडे गेली. त्यांनी बांबूच्या कामट्या लावून बांधून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, कारण मी सरांना येईन म्हटलं होतं. उरलेले सगळे दिवस ती एका हाताने चादरी ओढत होती. बाकीच्या बायका गाद्या उचलून द्यायच्या.

घरी

मला सोडलं तेव्हा अंगावर कपडे लटकत होते. डॉक्टरांनी इतक्यात काम नको सांगितलं, म्हणून मंगल माझ्या नावावर जातच राहिली. माझं ताट-पेला वेगळा काढून ठेवला होता. डॉक्टरांनी मालकांना सांगितलं होतं की तसं करायची गरज नाही. मालक हो म्हणाले आणि तरी पेला वेगळाच राहिला. मंगलने तिसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत त्याच पेल्यात चहा घेतला. "बशी कुटंय?" म्हणाली आणि प्याली. त्यानंतर पेला मांडणीवर गेला.

मला आतल्या खोलीत पडल्या पडल्या चुलीपाशी थापण्याचा आवाज यायचा. मंगलची भाकरी गावात नावाजलेली. दोन्ही तळव्यांचा आवाज एकसारखा पडायचा, टप्प टप्प टप्प. आता एक टप्प मोठा आणि एक बारीक येत होता, मध्ये थांबत होता. लंगडं माणूस चालावं तसा. मी कानावर पांघरूण घ्यायचे. तरी यायचा.

कामट्या सोडल्या तेव्हा मनगट बाहेरच्या बाजूला वाकलं होतं. नंतर फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं जुळलंय, परत मोडून नीट करावं लागेल.

मंगल म्हणाली, "एकदा फुकाट मोडला. आता पैकं देऊन मोडू व्हय?"

घरी कुणी सुमन म्हणून हाक मारली, की माझ्याआधी तीच मान वर करायची. दोन महिने ती त्या नावाला ओ देत होती. पहिल्यांदा आम्ही हसलो. नंतर हसणं थांबलं.

पगाराची चिठ्ठी

दाखल झाल्यापासून दोन महिन्यांनी डॉक्टरांनी काम करायला परवानगी दिली. मी दोन कागद घेऊन गेले. एक, काम करायला योग्य आहे असा. दुसरा विम्याचा. आजारपणात पगार बुडाला तर त्यातला काही भाग विमा देतो, पण त्यावर ठेकेदाराची सही लागते की ही बाई या दिवसांत कामावर नव्हती.

सरांनी दोन्ही कागद वाचले. माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"रुग्णालयात होतीस?"

मी मान हलवली.

"मग रजिस्टरला हजर कोण आहे?"

मी विम्याचा कागद पुन्हा पुढे सरकवला.

सही त्यांनी केली नाही. म्हणाले, ही सही केली तर माझं रजिस्टर खोटं ठरतं. मला कामावर घेतलं, पण त्या महिन्याच्या पगाराच्या चिठ्ठीत मोठा आकडा वजा होता. पुढे छापलं होतं, बिनपगारी रजा. दोन महिने घेतलेला पगार आता माझ्याकडून हप्त्याहप्त्याने परत कापणार होते. तो पगार मी मंगलला केव्हाच देऊन टाकला होता. तिच्याकडून कसा मागायचा? तिने तर काम केलं होतं.

विम्याच्या ऑफिसात गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही हजर दिसताय, पैसे कसे देणार?" ठेकेदाराकडे गेले तर ते म्हणत होते, तू गैरहजर होतीस, पैसे परत दे. पैसे द्यायच्या वेळी मी हजर होते आणि कापायच्या वेळी गैरहजर. आणि मंगल तर कुठेच नव्हती.

तीन महिने कापले. मग एक दिवस सरांनी बोलावलं. आवाज गोड होता.

"सुमन, मिटवून टाकू. यावर सही कर. कापलेलं सगळं परत देतो. विम्याचं तेवढं सोडून दे."

टाइप केलेला कागद होता. मला वाचायला वेळ लागतो. मी अक्षरांवर बोट ठेवून, ओठ हलवून वाचते.

"वाचायचं काय त्यात? सही कर."

सही करायला माझा हात पुढे गेला होता. दाखवतील तिथे मी आयुष्यभर सही केली आहे. पण बोट ओळीवर होतं म्हणून वाचत राहिले. मी सर्व दिवस कामावर हजर होते. मी. त्याच्या खाली, सदर दिवशी मी जिन्यावरून घसरून पडले, मला कोणतीही दुखापत झाली नाही.

त्या ओळीशी बोट थांबलं. ही ओळ मीच बोलले होते, फोनवर, सलाईन लावलेलं असताना. त्यांनी माझं बोलणं टाइप करून माझ्यापुढे ठेवलं होतं.

"घरी न्हेते सर," मी म्हटलं.

घरी मालक भडकले. "कर की सही! पैसं येत्यात ना? तुला काय पुढारी व्हायचंय?"

दीर उठून अंगणात गेले. मंगल भाकरी थापत होती. तीही म्हणाली, "करा आक्का. हात काय सरळ व्हनार न्हाई आता."

मी म्हटलं, "सही केली तर तुजा हात कदीच मोडला न्हाई असं व्हईल."

तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही. करपल्याचा वास आला. मग तिने पिठाचा वाकडा हात पदराला पुसला.

"मग लिवा. पन माजं नाव नीट लिवा. नवऱ्याच्या नावासकट."

पुण्याचं ऑफिस

गोळ्यांच्या ताईने कामगार ऑफिसचा पत्ता काढून दिला आणि अर्ज कसा करायचा ते सांगितलं. अर्ज मी माझ्या हाताने लिहिला. आमच्या नावावर जाण्याची रीतसुद्धा लिहिली. त्यात आमचीही चूक आहे, हेही लिहिलं.

तारखेला आम्ही दोघी गेलो. ऑफिसर मॅडम होत्या. सर त्यांच्या फायली घेऊन आले होते. मंगल दाराशी बाकावर बसली. मी टेबलापाशी उभी.

सर म्हणाले, "मॅडम, ही मंगल का कोण, आमच्याकडे कधी आलीच नाही. मी या बाईला आज पहिल्यांदा बघतोय. सगळी बनवाबनवी आहे."

मॅडमनी मला विचारलं. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. खरंच आला नाही. एवढं लिहून, एवढं येऊन, मी तिथे मुकी उभी. सरांना ते कळलं. त्यांना जोर चढला.

"बघा, बोलायला काही आहे का? अगं सुमन, खोटं किती बोलशील?"

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मान वळवून बाकाकडे बघितलं, दोन महिने ज्या बाईला सुमन म्हणून कामं सांगितली तिच्याकडे.

आणि मंगल उठून उभी राहिली. "ओ सर," म्हणाली.

सरांचा चेहरा मी पाहिला. रुग्णालयात फोन आला तेव्हापासून मला एक प्रश्न पडला होता, त्यांना ठाऊक होतं की नव्हतं. फोन त्यांनी मंगलच्या नाही, माझ्या नंबरवर केला होता. लागलं नाही हे माझ्या तोंडून वदवून घेतलं होतं. त्या एका मानेच्या वळण्यात मला उत्तर मिळालं, त्यांना ठाऊक होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवला. "तुम्ही आत्ता कुणाला हाक मारली?"

आता

कापलेला पगार परत मिळाला, तोही दोन तुकड्यांत. विम्याच्या कागदावर सही झाली, ते पैसे यायचे आहेत. मंगलच्या हाताचं वेगळं प्रकरण चालू आहे. ती त्या दिवशी कामावर होती हे मान्य झालं. पण ती कामगार होती का, यावर तारखा पडतात. तिच्या मनगटाचा फोटो त्या फायलीत लावला आहे, त्यावर तिचं स्वतःचं नाव आहे, नवऱ्याच्या नावासकट.

हॉटेलचं काम आमचं दोघींचं गेलं. मी गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये फुलं निवडायला जाते. तिथे वाकावं लागत नाही, दम लागत नाही. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. जिला हे वाचून दाखवाल तिला सांगा, बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नको. आणि आजारी असशील तर आजारी म्हण. रोज बुडू दे. आपल्या नावावर दुसरीला पाठवू नको. तिच्या अंगाला जे होईल ते तुझ्या नावावर लिहिलं जातं, आणि दुखतं मात्र तिलाच.

फोटोत माझी छाती आता स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, काही शिल्लक नाही.

सकाळी मी उठते तेव्हा चुलीपाशी आवाज चालू असतो. एक मोठा, एक बारीक. मी जाऊन शेजारी बसते, परातीत हात घालते. मंगल म्हणते, "राहू द्या आक्का," आणि तरी मी थापते. अंगणातून कुणी सुमन म्हणून हाक मारली, की आमचे दोघींचे हात थांबतात. आधी ती माझ्याकडे बघते, मग मी ओ देते.